चार हजार घमेल्यांचा हिशेब

स्वतःचे घर बांधलेल्या कोणत्याही माणसाला स्लॅबच्या दिवसाची आठवण विचारा. तारीख-वार तर सांगेलच, पण त्या दिवशी आभाळ कसे होते तेही सांगेल. सकाळी नारळ फुटतो, मिक्सरला हळदकुंकू लागते, मालक एकदा घड्याळाकडे आणि एकदा ढगांकडे पाहत उभा असतो. साडेसातच्या सुमारास डिझेलचा मिक्सर घरघरू लागतो आणि मग दिवसभर थांबत नाही. खाली खडी, वाळू, सिमेंट भरणारे. पाण्याचा डबा ओतणारा एक. मिक्सरचे तोंड वळवणारा एक. तिथून थेट वरपर्यंत बायामाणसांची रांग. भरलेले घमेले हातोहात वर जाते, रिकामे खाली भिरकावले जाते. वर मिस्त्री, व्हायब्रेटरवाला, फळी ओढणारे. सेंटरिंगवाला मात्र एकटाच खाली, बल्ल्यांच्या जंगलात, कुठे काही कुरकुरते का ते कान देऊन ऐकत. दिवेलागणीला काम संपते. मग जिलबी किंवा मटणाचे जेवण, मुकादमाच्या हातावर चार पैसे बक्षिसी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर पाण्याची आळी.

हे चित्र गावाकडे आणि लहान शहरांत अजून दिसते. मोठ्या शहरांत ते जवळजवळ पुसले गेले. आता गल्लीच्या तोंडाशी पोट फिरवत एकामागून एक काँक्रीटचे ट्रक येऊन उभे राहतात, एक लांब सोंड इमारतीवर झुकते आणि तीन-चार तासांत स्लॅब होऊन जातो. जर्मनीत तयार काँक्रीटचे पहिले पेटंट १९०३ साली निघाले, अमेरिकेत बाल्टिमोरला १९१३ साली असे काँक्रीट पहिल्यांदा पोहोचवले गेले. आपल्याकडे मात्र ही सोय रुळली ती १९९० नंतरच्या दशकात. मालक खूश, ठेकेदार खूश, दिवसभर घरघर ऐकावी लागली नाही म्हणून शेजारीही खूश. बघणारा म्हणतो, काम दहापट वेगाने झाले!

खरेच का दहापट? 'वेगाने' म्हणजे कशाच्या हिशेबाने? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. यांत्रिकीकरणाने बांधकामाची उत्पादकता किती वाढली, हे मोजायला भलेभले बसले आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. आपण आधी घरगुती हिशेब करून पाहू.

दोन हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घेऊ. तुळया धरून त्यात ३३ घनमीटर काँक्रीट बसते असे मानू. आपल्याकडच्या बोलीत सांगायचे तर साडेअकरा ब्रासच्या थोडे वर. घनमीटरला २,४०० किलो धरले तर एकूण वजन झाले ७९ टन. एका घमेल्यात वीस किलो माल मावतो असे समजा, म्हणजे झाली जवळजवळ चार हजार घमेली. रांगेत आठ जण असतील, तर त्या एका दिवसात बत्तीस हजार वेळा कोणी ना कोणी वीस किलो हातात पेलले. मी स्वतः हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा पुन्हा पुन्हा गुणाकार तपासला होता.

आता गंमत पाहा. हेच ७९ टन बारा मीटर उंच, म्हणजे चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायला पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणे किती ऊर्जा लागते? विजेची अडीच युनिटे आणि वर थोडी. आपल्या घरातला गीझर तासा-दीड तासात इतकी वीज खातो. अर्थात पंपाला नळीतले घर्षण, इंजिनाची उष्णता वगैरे मिळून याच्या कितीतरी पट इंधन लागते, ही गोष्ट निराळी. पण माणसाच्या अंगातली ताकद ही ऊर्जा म्हणून किती तुटपुंजी आणि किती महाग पडते हे यावरून कळते. धडधाकट माणूस दिवसभर सलग काम करतो तेव्हा त्याच्याकडून जेमतेम पाऊणशे वॉट मिळतात. एका जुन्या पिवळ्या दिव्याइतके!

हाताच्या स्लॅबला ४२ माणसे दहा तास राबली असे धरू. हे झाले ४२० मनुष्यतास, म्हणजे घनमीटरला पावणेतेरा. पंपाच्या स्लॅबला १२ माणसे चार तास, म्हणजे ४८ मनुष्यतास. घनमीटरला दीड तासही नाही. भागाकार केला की पावणेनऊपट. बघणाऱ्याचे 'दहापट' फारसे चुकले नाही, असे वाटेल.

पण स्लॅब म्हणजे नुसते काँक्रीट ओतणे नव्हे. त्याआधी सेंटरिंग ठोकावे लागते, सळया कापून, वाकवून, तारेने बांधाव्या लागतात. नंतर फळ्या काढून, खिळे उपटून, सगळे पुढच्या मजल्यावर चढवावे लागते. या स्लॅबसाठी त्या सगळ्याला मिळून ९०० मनुष्यतास लागले असे धरा. पंपाने त्यातला एकही तास वाचत नाही. म्हणजे पूर्वीचे एकूण १,३२० तास होते, ते झाले ९४८. पावणेनऊपट म्हणता म्हणता वाढ उरली चाळीस टक्क्यांची. आणि स्लॅब म्हणजे तरी सबंध घर कुठे? विटा, गिलावा, फरशी, नळ, वीज, रंग हे सगळे उरतेच. काँक्रीटच्या सांगाड्याचे काम एकूण मजुरीच्या तिसऱ्या हिश्शाइतके धरले, तर त्या भल्यामोठ्या सोंडेने सबंध घराच्या हिशेबात वाढ केली ती सुमारे दहा टक्के.

हे आकडे मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या ठेकेदाराचे वेगळे असतील. पण आकड्यांचा कल बदलणार नाही. शिवाय ट्रक चालवणारे, तिकडे प्लँटवर खडी-वाळूचे माप पाहणारे, पंप दुरुस्त करणारे यांचे तास आपण कुठेच धरले नाहीत. ती माणसे साइटवर दिसत नाहीत, म्हणून हजेरीवहीत नाहीत. आणि दिवसांचे म्हणाल, तर स्लॅब ओतून झाल्यावर काँक्रीट आपल्याच गतीने पक्के होते. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू सात दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याखालचे चौदा दिवस. सोंड कितीही लांब असली तरी तिला हे दिवस आखूड करता येत नाहीत.

बांधकामात मोजमापाचे वेड पहिल्यांदा ज्याने आणले तो मनुष्य मुळात गवंडीच होता. फ्रँक गिलब्रेथ त्याचे नाव. १८८५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कॉलेजात जाण्याऐवजी तो बोस्टनमध्ये विटकामावर उमेदवारी करू लागला. त्याच्या लक्षात आले की त्याला शिकवणारा गवंडी बोलताना एक पद्धत सांगतो, सावकाश काम करताना दुसरीच वापरतो आणि घाईत असला की तिसरीच. मग यांतली खरी कोणती? त्याने एकेक हालचाल मोजली. वीट रचायला गवंडी अठरा हालचाली करत होता. सर्वांत वाईट होते ते वाकणे. चार-पाच पौंडांची वीट उचलायला दीड-दोनशे पौंडांचा देह दर वेळी खाली आणि वर. गिलब्रेथने हवी तितकी उंच करता येणारी परांची केली, विटा आणि माल कमरेच्या उंचीवर ठेवले, मसाला असा मळायला लावला की थापीने वीट ठोकावीच लागू नये. हालचाली अठराच्या पाच झाल्या, आणि तासाला माणशी १२० विटांच्या ३५० झाल्या. ही हकिगत फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली आपल्या पुस्तकात सांगितली आणि ती जगभर गाजली. लक्षात घ्या, यात इंजिन नाही, वीज नाही. होते ते एक लाकडी टेबल आणि थोडा विचार. यांत्रिकीकरणाशिवाय उत्पादकता तिप्पट होऊ शकते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

त्या गोष्टीतला एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. गवंड्याला वीट फिरवून चांगली बाजू शोधावी लागू नये म्हणून एक कमी पगाराचा मजूर आधीच विटा निवडून, चांगली कड वर करून, लाकडी चौकटीत रचून ठेवत असे. गवंड्याच्या विटा मोजल्या गेल्या. त्या मजुराच्या पाठीचे माप कोणी घेतल्याचे दिसत नाही.

आणि विटा तरी मोजायच्या कशा? आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत गवंड्याचे पायातले दिवसाचे काम सव्वा घनमीटर, म्हणजे प्रमाण मापाच्या सव्वासहाशे विटा असे धरतात. सरकारी पातळीवरही हे अंक ठरवून दिलेले आहेत. कोणत्या कामाला किती गवंडी, किती बिगारी, किती पाणक्या लागेल याचे एक भारतीय मानकच १९७४ साली निघाले. आता भिंत विटांऐवजी सिपोरेक्ससारख्या हलक्या ठोकळ्यांची घ्या. एक ठोकळा आठ-नऊ विटांची जागा व्यापतो. गवंड्याने दिवसात शंभरच ठोकळे लावले तर नगांच्या हिशेबात त्याची उत्पादकता कोसळली, आणि भिंतीच्या हिशेबात दीडपट झाली! म्हणून नग मोजणे सोडून घनमीटर मोजायला हवेत, आणि पातळ भिंतीसाठी तेही सोडून चौरस मीटर. माप बदलले की माणूस आळशी किंवा कामसू ठरतो.

याचा धडा मला लवकर मिळाला. अभियांत्रिकीला असताना आम्हाला एका बांधकामावर पाहणी करायला पाठवले होते. पद्धत टिपेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाची. त्यांनी १९३० च्या दशकात लँकेशायरच्या कापडगिरण्यांत ती काढली. दिवसभर एकाच माणसामागे घड्याळ घेऊन उभे राहायचे नाही. ठरवून न ठेवलेल्या वेळी फेरी मारायची, प्रत्येक माणूस त्या क्षणी काय करतो आहे ते पाहायचे आणि खूण करायची. काम करतो आहे, कामाला पूरक काही करतो आहे, की रिकामा आहे. अशा ३८४ नोंदी झाल्या की पाच टक्क्यांच्या फरकाने उत्तर मिळते, असे गणित सांगते. चिठ्ठ्या टाकून वेळा काढल्या होत्या आणि मी मोठ्या ऐटीत पॅड घेऊन हिंडत होतो.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या ढिगाशी बसलेल्या एका बाईने विचारले, "दादा, काय लिवताय? खाडा मांडताय का आमचा?" मी म्हटले, नाही बाई, अभ्यासासाठी लिहितो आहे. तिने कागद बघायला मागितला. वाचता येत नव्हते, पण खुणा दिसत होत्या. "ही फुली म्हंजे काय?" मी जरा चाचरत सांगितले, की त्या वेळी तुम्ही रिकाम्या होता. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "वाळूची गाडी सकाळधरनं न्हाई. पाणी नळाला नऊला गेलं. आन् तुमी आला तवा मी लेकराला पाजत हुते. त्यातली फुली कशाची?"

माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. पाहणीच्या शेवटी मी काढलेले उत्तर 'मजूर पंचावन्न टक्के वेळ रिकामे' असे होते. आमच्या सरांनी ते लाल शाईने खोडले आणि शेजारी लिहिले, 'रिकामे ठेवले गेले?' जगभरातल्या अशा पाहण्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसते, की बांधकामावरच्या माणसाच्या दिवसातला तिसरा हिस्सा ते निम्मा एवढाच वेळ प्रत्यक्ष कामात जातो, आणि उरलेल्याचे मोठे कारण त्याचा आळस हे नसून माल, नकाशा, हत्यार किंवा आधीचे काम यांची वाट पाहणे हे असते. यंत्र आणले की ही वाट पाहणे संपते असे नाही. कधी कधी वाढतेच. पूर्वी वाळू आली नाही तर दहा माणसे बसून राहत. आता ट्रक वाहतुकीत अडकला तर दहा माणसे आणि एक पंप बसून राहतो, पंपाचे भाडे चालू राहते आणि ट्रकाच्या पोटात काँक्रीट घट्ट होऊ लागते.

यांत्रिकीकरण किती झाले हे मोजायचेही निरनिराळे मार्ग आहेत. चीनच्या सांख्यिकी वार्षिकांत बांधकाम कंपन्यांसाठी दोन आकडे दिले जात: माणशी किती युआनची यंत्रे, आणि माणशी किती किलोवॉट शक्ती. वाचायला छान. पण आपल्या स्लॅबवर हे लावून पाहा. तीनशे अश्वशक्तीचा पंपाचा ट्रक आणि बारा माणसे, म्हणजे माणशी पंचवीस अश्वशक्ती. एखाद्या प्रगत देशाला शोभेल असा आकडा, आणि तो महिन्यातल्या चार तासांपुरता खरा. उरलेले दिवस त्याच साइटवर सेंटरिंगवाला हातोडीने खिळा ठोकत असतो. दुसरी पद्धत म्हणजे एकूण कामापैकी किती टक्के काम यंत्राने झाले ते पाहणे. खोदाईत हे शंभर टक्क्यांच्या जवळ जाते. आपल्याकडे खोदणाऱ्या यंत्राला लोक 'पोकलेन' म्हणतात ते पोक्लॅ या फ्रेंच कंपनीच्या नावावरून, आणि 'जेसीबी' हेही कंपनीचेच नाव. जेसीबीचे भारतातले उत्पादन १९७९ साली सुरू झाले आणि आता गावच्या लग्नपत्रिकेइतके ते नाव सर्वतोमुखी आहे. पाया खणायला पूर्वी वडार कुटुंब आठवडाभर पाल ठोकून राहत असे. यंत्र ते काम एका दुपारात करते. पण कोपरे घासायला, तळ सपाट करायला, ढासळलेली माती काढायला चार माणसे लागतातच. घनमीटरच्या हिशेबात यांत्रिकीकरण नव्व्याण्णव टक्के, माणसांच्या हिशेबात बरेच कमी. दोन्ही आकडे खरे.

उलट, आपल्याच रोजगार हमी योजनेत यंत्र मुद्दाम दूर ठेवले गेले. १९७२ च्या दुष्काळाने जिला जोर दिला ती ही योजना. तिथे खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खांब तसाच सोडत, म्हणजे किती खोल खणले त्याची साक्ष राहावी, आणि मापावर मजुरी देत. मुरूम लागला तर हात कमी चालणार, म्हणून मातीच्या जातीप्रमाणे दर वेगळे. तिथे हवे होते ते काम, वेग नव्हे. त्या खड्ड्याशेजारी पोकलेन उभे करून 'मजुरांची उत्पादकता बघा किती कमी' असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

बांधकामातल्या वेगाच्या कथा ऐकताना म्हणूनच जरा जपून राहावे. २०१५ साली चीनमधल्या चांग्शा शहरात सत्तावन्न मजली इमारत कामाच्या एकोणीस दिवसांत उभी राहिली. दिवसाला तीन मजले! जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती छायाचित्रे छापली. त्याआधी साडेचार महिने कारखान्यात तिचे भाग तयार होत होते, ही ओळ बातमीत खाली कुठेतरी होती. काम नाहीसे झाले नव्हते, जागा बदलली होती. अर्थात कारखान्यात छताखाली, सपाट जमिनीवर, कमरेच्या उंचीवर केलेले काम हे परांचीवर लोंबकळून केलेल्या कामाहून सोपे, सुरक्षित आणि नेटके होते, यात शंका नाही. पण मोजायचे तर दोन्हीकडचे तास मोजा.

आणि केवळ यंत्रेच वेग देतात असेही नाही. न्यू यॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १०२ मजल्यांची. १९३० च्या मार्चमध्ये बांधकाम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले, ४१० दिवस. पोलादी सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले चढत होता. संगणक नव्हते, आजच्यासारख्या क्रेन नव्हत्या. प्रत्येक मजल्यावर छोटे रूळ टाकून त्यावरून वाघिणींनी माल फिरवला जाई. कामगारांना जेवायला खाली उतरावे लागू नये म्हणून वरच्या मजल्यांवरच खानावळी थाटल्या होत्या. तिथेही शेवटी गिलब्रेथचेच टेबल होते, फक्त शंभर मजली.

पैशात मोजायला गेले की गोंधळ आणखी वाढतो. अर्थशास्त्रज्ञ माणशी मूल्यवृद्धी पाहतात. मॅकिन्झी संस्थेच्या २०१७ च्या अहवालात म्हटले आहे की दोन दशकांत जगभर बांधकामाची श्रम-उत्पादकता वर्षाला जेमतेम एक टक्क्याने वाढली, तर कारखानदारीची ३.६ टक्क्यांनी. अमेरिकेचे चित्र याहून विचित्र. गूल्सबी आणि सिव्हर्सन या दोन अर्थतज्ज्ञांनी २०२३ साली दाखवले की १९७० च्या तुलनेत २०२० मध्ये तिथल्या बांधकाम कामगाराची उत्पादकता सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली होती. इतक्या क्रेन, इतके पंप, हातात विजेची हत्यारे, आणि तरीही? मोजण्यात चूक असेल म्हणून त्यांनी पैसा बाजूला ठेवून माणशी किती घरे बांधली तेच मोजले. तिथेही वाढ सापडेना. कारणांवर अजून वाद चालू आहेत. नियम, परवानग्या, प्रत्येक इमारत निराळी असणे, लहान लहान ठेकेदार, असे बरेच काही सांगितले जाते. मला त्यातले 'प्रत्येक इमारत निराळी' हे जास्त पटते. मोटारीच्या कारखान्यात गाडी माणसापुढे सरकत येते. घर जागेवरच राहते, माणसांना त्याच्याभोवती फिरावे लागते, आणि एक घर झाले की सगळे पुन्हा पहिल्यापासून. मुंबई-पुण्यातल्या जाहिरातींत 'मायव्हन' म्हणून मिरवणारे ॲल्युमिनियमचे साचे तेवढ्यासाठीच आले. एकसारखे तीस मजले असले तर ते दर आठ-दहा दिवसांनी मजला उभा करतात. एकट्या बंगल्याला त्यांचा काही उपयोग नाही.

आणि आपल्या मुंबईत तर पैशाचे माप मुळीच घेऊ नये. तिथे फ्लॅटची किंमत दुप्पट झाली, म्हणजे गवंडी दुपटीने विटा लावू लागला असे कोण म्हणेल? ते जमिनीचे पैसे.

आता त्या रांगेकडे परत येऊ. पंप आला की साइटवरून पहिल्यांदा जाते ती रांग, आणि रांगेत बहुतेक बाया. कारण आपल्याकडे बाईच्या हातात घमेले देतात, थापी देत नाहीत. नवरा बिगारी म्हणून आला तरी पाच-सात वर्षांत गवंडी होऊ शकतो, सळया बांधायला शिकतो, व्हायब्रेटर धरतो. बायको पंचवीस वर्षांनीही बिगारीच. म्हणून यंत्र हलके काम वाढवते आणि जड काम कमी करते, हे वाक्य ऐकायला गोड असले तरी ते हलके काम वेगळ्याच माणसाला मिळते. वीस किलोचे घमेले दिवसभर डोक्यावर वाहण्यात रडण्यासारखे काही हरवले असे मी म्हणणार नाही. मान, कंबर, गुडघे यांची त्यात काय दशा होते ते पाहिले आहे. पण त्या कामाची मजुरी तिच्या घरात येत होती आणि आता येत नाही, हेही त्याच हिशेबातले आहे.

या बायकांची आणि त्यांच्या मुलांची दखल घेणारे थोडेच. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर धुळीत पडलेली मुले पाहून पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेश' उभी राहिली. पुढे १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी केंद्राचे कायदे झाले, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसला. गंमत म्हणजे हा उपकर माणसांच्या संख्येवर नव्हता, खर्चावर होता. म्हणजे सगळे काम यंत्रांनी झाले तरी तो भरायचाच. यंत्राने ज्यांचे काम गेले त्यांना नवे काम शिकवायला पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. पण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा होता, आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, दर दिवशी नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या बाईला तो कोण देणार?

बायका गवंडीकाम शिकूच शकत नाहीत असे म्हणणारे मुकादम मला खूप भेटले. त्यांतल्याच एकाला मी विचारले, "मुकादम, गिलाव्याला कोण चांगला?" तो क्षणभर थांबून म्हणाला, "साहेब, खरं सांगू का, माझी बायको. घरातल्या भिंती तिनंच केल्यात. पण साइटवर कसं न्यायचं?"

बंगळूरला २०२३ साली छापील पोस्ट ऑफिस उघडले. एक यंत्रमानवी हात काँक्रीटचे थर एकावर एक सोडत गेला आणि १,०२१ चौरस फुटांची इमारत दीड महिन्याच्या आत उभी राहिली, मद्रास आय. आय. टी.चे मार्गदर्शन होते. यात सेंटरिंगच नाही, आणि तिथेच तर आपले नऊशे तास अडकले होते. पंपाने जे साधले नाही ते इथे साधू शकेल. मात्र त्याचा हिशेब कोणी मांडायला बसेल, तेव्हा त्याने भिंतीबरोबर छताचे, खिडक्यांचे, वीज-नळाचे तासही त्याच कागदावर लिहावेत. आणि यंत्र साइटवर आणून जुळवायला किती दिवस गेले तेही.

घर बांधायला काढलेल्या वाचकाने एक साधी वही करावी, असे मी नेहमी सांगतो. तारीख, काम, किती माणसे, किती तास, किती काम झाले, आणि शेवटचा रकाना: थांबले असेल तर कशासाठी. गवंड्याच्या नावापुढे विटा लिहायच्या नाहीत, भिंत लिहायची. यंत्र आले तर ते आल्यापासून जाईपर्यंतचे तास, चालले ते निराळे. मी स्वतः घर बांधले तेव्हा अशी वही ठेवली होती. सात महिन्यांत तिची एकशे बारा पाने भरली. परवा माळ्यावर सापडली. शेवटच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेले शब्द 'वाळू नाही' हे आहेत, त्याखालोखाल 'पाणी नाही'. आणि सोळा ठिकाणी माझ्याच अक्षरात, 'मालकाने नकाशा बदलला'.